मुंडी, जबड्याचा सांधा आणि कानातली तीन हाडं

रस्सामंडळ, रविवार, रात्री १०:१२

दहावीला कानाची आकृती काढून मार्क मिळवले, पण हे कुणी सांगितलं नव्हतं. पडद्यामागची तीन हाडं म्हणजे हातोडी, ऐरण आणि रिकीब. त्यातली पहिली दोन आपल्या फार जुन्या पूर्वजांच्या जबड्याचा सांधा होती म्हणे. सरडा, मगर, कोंबडी यांच्यात तो सांधा आजही जागच्या जागी आहे, जबडा त्याच्यावरच उघडतो-मिटतो. आपल्यात मात्र ती हाडं कानात आणि जबड्याला भलताच दुसरा सांधा.

आज बोकडाची मुंडी सबंध आणली, तोडून घेतली नाही. शिजून मांस सुटल्यावर खालचा जबडा हातात घेऊन बघितला. पुढं हनुवटीपाशी दोन्ही बाजू नुसत्या चिकटलेल्या, जरा जोर लावला की दोन फाका. प्रत्येक फाक म्हणजे एकच सलग हाड. पुढं दात, मागं वर चढत गेलेली पातळ पात, आणि पातीच्या मागं आडवी गुळगुळीत बोंडी, जी कवटीच्या खोबणीत बसते. शिवण नाही, जोड नाही. सरड्याच्या जबड्यात म्हणे एकेका बाजूला पाच-सहा हाडं असतात.

बाकीची हाडं गेली कुठं ते समजलं. गेली कशी, ते काही डोक्यात शिरत नाही. जाणकारांनी लिहावं. मास्तर, तुमची वाट बघतोय.

उसाचा_फड, रविवार, रात्री १०:३१

भावा, मुंडी शिजवलीस आणि जबडा बघत बसलास? भेजा कुणी खाल्ला ते आधी सांग. बाकी विषय लई भारी हाय. बसलोय कट्ट्यावर.

निवृत्त_मास्तर, सोमवार, सकाळी ७:०५

रस्सामंडळ, शिवण नाही हे तुम्ही नेमकं टिपलंत. आता चिकनवाल्याकडून कोंबडीचं एखादं डोकं मागून घ्या, ते तसंही फेकूनच देतात. उकळून साफ केलं की चोचीच्या मुळाशी, कवटी आणि खालचा जबडा यांच्या मधोमध, एक सुटं हलणारं हाड दिसेल. ते क्वाड्रेट. खालच्या जबड्याचं मागचं टोक त्याच्यावर टेकतं, त्या टोकाला आर्टिक्युलर म्हणतात. मासा, बेडूक, सरडा, मगर, पक्षी, सगळ्यांचा जबडा या दोघांमधल्या सांध्यावर चालतो. आपल्यात आर्टिक्युलरची हातोडी झाली आणि क्वाड्रेटची ऐरण. बोकडाच्या, आणि तुमच्याही, जबड्यात उरलं ते फक्त दात धरणारं डेंटरी. ते वर थेट कवटीच्या स्क्वामोजल या हाडाला भिडलं. तोच आपला नवा सांधा, कानाच्या पाळीपुढं बोट ठेवून तोंड उघडलं की हाताला लागतो तो. हातोडी आणि ऐरण यांच्या मधला बारीकसा सांधा हा मूळचा. पडद्याला ताणून धरणारी हाडाची कडीसुद्धा जबड्यातूनच आली, तिकडं तिचं नाव अँग्युलर.

हे प्रथम कळलं ते जीवाश्मांवरून नव्हे, गर्भावरून. १८२० साली योहान फ्रीडरिख मेकेल या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं गर्भाच्या खालच्या जबड्यात कूर्चेची, म्हणजे कार्टिलेजची, एक कांडी दाखवली. जबड्याचं हाड तिच्या बाहेरच्या अंगाला तयार होतं आणि नंतर ती बहुतेक नाहीशी होते. १८३७ साली कार्ल राइखर्टनं डुकराचे वेगवेगळ्या वयाचे गर्भ घेऊन ही कांडी मागं मागं कुठवर जाते ते बघितलं, तर तिचं मागचं टोक थेट कानात जाऊन हातोडी होत होतं. डार्विनचा सिद्धांत छापून यायला तेव्हा अजून २२ वर्षं होती. म्हणजे राइखर्टच्या डोक्यात उत्क्रांतीचं काही नव्हतं, त्यानं दिसलं ते लिहिलं. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एर्न्स्ट गाउपनं हे सगळं नीट बांधलं, म्हणून याला राइखर्ट-गाउप सिद्धांत म्हणतात.

माणसाच्या गर्भात ही कूर्चा सहाव्या आठवड्याच्या सुमाराला दिसू लागते. नवा सांधा त्यानंतर घडायला लागतो. जन्माला येताना बाळाची कानातली हाडं मोठ्या माणसाच्या मापाचीच असतात, पुढं वाढत नाहीत. जबडा मात्र वाढतच राहतो.

शंकासुर, सोमवार, सकाळी ९:४८

मी विज्ञानाच्या विरोधात नाही, आधीच सांगून ठेवतो. पण मास्तर, मूळ अडचण तुम्ही अलगद ओलांडून गेलात. जबड्याचा सांधा ही काय गंमत आहे? तो एक दिवस जरी ढिला झाला तरी जनावर उपाशी मरेल. अर्धी हाडं कानाकडं निघालेली आणि अर्धी जबड्यात, असा प्राणी जगेल कसा? आणि अर्धवट कानाचा उपयोग काय? गर्भात काय दिसतं ते सोडा, पोटातल्या बाळाला कुठं चावायचंय.

उसाचा_फड, सोमवार, सकाळी १०:०२

शंकासुर आला म्हणजे धागा पळणार. चहा मागवा रे.

निवृत्त_मास्तर, सोमवार, दुपारी ३:२०

ही शंका शंकासुरांच्या आधी अनेक नाणावलेल्या लोकांनी घेतली होती, आणि ती रास्तच आहे. उत्तर आपल्याच गावातलं देतो. पंचगंगेवर शिवाजी पुलाशेजारी नवा पूल झाला. तो होईपर्यंत वाहतूक जुन्यावरूनच चालू होती ना? नवा सुरू झाल्यावर जुन्यावरचा भार उतरला. जबड्याचंही असंच झालं, दोन्ही सांधे काही काळ शेजारी शेजारी होते.

हे नुसतं तर्कानं सांगत नाही. दक्षिण आफ्रिकेत सापडलेल्या एका प्राण्याचं नावच डायआर्थ्रोग्नॅथस आहे, म्हणजे दोन सांध्यांच्या जबड्याचा. वेल्समध्ये भरपूर सापडलेला मॉर्गन्युकोडॉन सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचा, आकारानं चिचुंदरीएवढा. त्याच्या डेंटरीला चांगली ठसठशीत बोंडी आहे, ती स्क्वामोजलमध्ये बसते, आणि तिच्या आतल्या अंगाला आर्टिक्युलर-क्वाड्रेटचा जुना सांधाही शाबूत आहे. दोन्ही एकाच रेषेत, त्यामुळं जबडा न अडखळता उघडायचा.

त्याच्याही मागं जा. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा थ्रिनॅक्सोडॉन घ्या, सस्तन प्राण्यांचा जुना भाऊबंद. त्याच्यात सांधा अजून जुनाच, पण डेंटरी मोठं होत मागं सरकलेलं आणि बाकीची हाडं बारीक झालेली. दात असलेल्या हाडालाच चावायचे स्नायू येऊन चिकटू लागले, ते जसे दणकट झाले आणि त्यांची ओढ जशी बदलली तसा मागच्या सांध्यावरचा ताण कमी झाला. ताण नाही म्हटल्यावर तिथली हाडं बारीक झाली तरी प्राण्याचं बिघडत नव्हतं. आणि हाड बारीक, हलकं झालं की ते पटकन थरथरतं.

आता अर्धवट कानाचं. ही हाडं जबड्यात असतानाच ऐकायचं काम करत होती. १९७५ साली एडगर ॲलिन यानं मांडलं की या प्राण्यांच्या अँग्युलर हाडाला मागं जो पातळ पंखा असतो, त्याच्या आधारानं कानाचा पडदा ताणलेला असावा. म्हणजे कानाचा पडदा जबड्यावर! आवाज पडद्यावरून आर्टिक्युलर, मग क्वाड्रेट, मग रिकीब, मग आतला कान. आजच्या आपल्या कानात हाच क्रम आहे, एकही हाड मागं-पुढं झालेलं नाही. साखळी आधीपासून जोडलेलीच होती, फक्त तिला जबड्याचं ओझंही वाहावं लागायचं.

त्यामुळं "हाडं कानात गेली" ही बोलायची पद्धत झाली. खरं तर ती फारशी गेलीच नाहीत, जबडा त्यांना सोडून गेला.

रस्सामंडळ, सोमवार, रात्री ९:१५

शेवटच्या वाक्यासाठी मास्तरांना आमच्याकडून पांढरा रस्सा, मागाल तितक्या वाट्या.

सापांचं काय पण? बत्तीस शिराळ्याच्या बाजूची आमची मंडळी ठासून सांगतात की सापाला कान नसतात, तो ऐकत नाही.

निवृत्त_मास्तर, सोमवार, रात्री ९:५०

बाहेरचा कान नाही, पडदाही नाही. आतला कान आहे आणि रिकिबीच्या जागेचं एक हाड आहे. ते हाड क्वाड्रेटला टेकलेलं असतं. साप जबडा जमिनीला लावून पडलेला असला की जमिनीची कंपनं जबडा, क्वाड्रेट आणि ते हाड या वाटेनं आत जातात. हवेतले खालच्या पट्टीचे आवाजही कवटी थरथरल्यामुळं थोडेफार कळतात. पुंगीवर डोलतो तो मात्र गारुड्याच्या हाताच्या आणि पुंगीच्या हालचालीवर. जबड्यातून ऐकणं म्हणजे काय हे बघायचं तर साप हे चालतंबोलतं उदाहरण.

दंतकथा, सोमवार, रात्री ११:३०

मी दातांची डॉक्टर, राजारामपुरीत बसते. दवाखाना बंद करून आत्ता धागा वाचला.

तुम्ही ज्याला नाहीशी होणारी कूर्चा म्हणताय तिच्या अवशेषाजवळ मी रोज सुई टोचते. खालची दाढ काढताना जी भूल देतो ती गालाच्या आतून, जबड्याच्या उभ्या भागाच्या आतल्या बाजूला, जिथून नस हाडात शिरते त्या भोकाजवळ सोडायची असते. त्या भोकाशी हाडाचं एक छोटं जिभेसारखं टोक आहे. तिथून एक पट्टीसारखा बंध वर कवटीच्या तळाला जातो. हा बंध म्हणजे मेकेलच्या कूर्चेचं वेष्टण, कूर्चा गेली आणि ते राहिलं. हातोडीला पुढून धरणारा बंधही त्याच कांडीचा उरलेला तुकडा. दोन्हींच्या मध्ये कवटीत एक बारीक फट आहे, तिच्यातूनच गर्भावस्थेत ती कांडी कानातून जबड्यात उतरलेली असते.

आता एक खबरदारीचं. जबडा टक टक वाजतो आणि कान दुखतो, असे पेशंट मला आठवड्याला भेटतात. आधी कानाच्या डॉक्टरकडं जातात, कान स्वच्छ निघतो, मग माझ्याकडं. यातले काहीजण इंटरनेटवर वाचून येतात की जबडा आणि कान मुळात एकच होते म्हणून असं होतं. तसं सरळ नाही. सांधा कानाच्या नळीला अगदी चिकटून आहे, आणि सांध्याची नस नळीच्या पुढच्या भागालाही जाते, म्हणून मेंदूला दुखणं नेमकं कुठलं ते कळत नाही. रात्री दात खाणं, एकाच बाजूनं चावणं, ताण, ही नेहमीची कारणं. उत्क्रांतीला बोल लावून सुपारी चालू ठेवू नका.

शंकासुर, मंगळवार, सकाळी ८:३०

डॉक्टरांचं आवडलं. निदान एकानं तरी "म्हणून" शब्द जपून वापरला.

दोन सांध्यांचं मान्य. पण मग तुटलं कधी? जुना सांधा मोकळा होऊन कान वेगळा झाला, तो क्षण कुठं दिसतो का?

गर्भरेखा, मंगळवार, दुपारी १:१०

मूळची कोल्हापूरची, सध्या पुण्यात याच विषयाच्या शेजारच्या विषयावर काम करते. बरेच दिवस नुसती वाचते, आज राहवलं नाही.

क्षण म्हणाल तर तो आजही बघता येतो. ब्राझीलकडचा एक छोटा ओपॉसम आहे, कांगारूच्या जातकुळीतला, पण याला पिशवी नाही. प्रयोगशाळांमध्ये पाळतात. याचा गर्भकाळ दोन आठवड्यांचा. पिल्लू जन्मतं तेव्हा सेंटिमीटरभर लांब, मागचे पाय धड तयार नाहीत, आणि ते जाऊन आईच्या आचळाला चिकटतं. त्या वेळी डेंटरी आणि स्क्वामोजल यांचा सांधा अजून झालेलाच नसतो. तोंडाची हालचाल जुन्या सांध्यावर, म्हणजे पुढं जी हातोडी आणि ऐरण होणार त्यांच्यावर चालते. सुमारे दोन आठवड्यांनी नवा सांधा तयार होतो, आणि तिसऱ्या आठवड्याच्या आसपास मेकेलची कूर्चा हातोडीजवळ तुटते. ऐकणं त्याच्या नंतर. शंकासुर म्हणाले पोटातल्या बाळाला चावायचं नसतं. हे पिल्लू पोटाबाहेर आहे आणि जुन्या सांध्यावर दूध पितंय.

कूर्चा आपोआप विरघळत नाही. हाड आणि कूर्चा कुरतडणाऱ्या खास पेशी असतात, त्या ती जागा खाऊन टाकतात. उंदरात सी-फॉस नावाचं जनुक बंद केलं की या पेशी तयारच होत नाहीत. २०१७ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या गटानं असे उंदीर तपासले तर कूर्चा तुटलीच नव्हती, हातोडी जबड्याला जोडलेली तशीच. मोठ्या उंदरात ती कांडी हाडासारखी टणक झालेली.

अशी टणक कांडी जीवाश्मांत आहे. चीनमधला यानोकोनोडॉन, २००७ साली जाहीर झाला, साधारण साडेबारा कोटी वर्षांपूर्वीचा. कानाची हाडं आकारानं आणि जागेनं जवळपास आजच्यासारखी, पण मेकेलच्या हाडकी कांडीनं अजून जबड्याला बांधलेली. २०११ चा लियाओकोनोडॉन, सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीचा, त्यातही हाडं जागेवर आणि कांडी जोडलेली. म्हणजे मॉर्गन्युकोडॉननंतर मधली एक लांब अवस्था, जेव्हा जुन्या सांध्यावर चावायचा भार नव्हता पण दोरी सुटलेली नव्हती.

शंकासुर, मंगळवार, दुपारी २:२५

आणि उंदराचा गर्भ म्हणजे उत्क्रांतीची चित्रफीत, असं तुम्ही म्हणणार.

गर्भरेखा, मंगळवार, दुपारी २:४०

नाही म्हणणार. गर्भ पूर्वजांची अवस्था जशीच्या तशी गिरवत नाही. ओपॉसमचं पिल्लू म्हणजे मॉर्गन्युकोडॉन नव्हे. मॉर्गन्युकोडॉन दातांनी किडे फोडायचा, हे पिल्लू नुसतं चोखतं, सांध्यावर जोर असा नाहीच. गर्भ एवढंच सांगतो की कुठल्या पेशींपासून काय होतं आणि वाटेत काय बदलणं शक्य आहे. काय खरंच बदललं, ते दगडातून विचारावं लागतं. या विषयाचं भाग्य असं की दोघांच्या साक्षी जुळतात. आणि जुळल्या नाहीत तेव्हा कल्पना सोडूनही द्यावी लागली आहे. १९९६ साली एक कल्पना मांडली गेली की मेंदू वाढला म्हणून त्यानं कानाची हाडं मागं ढकलली आणि कूर्चा तुटली. ऐकायला छान. नंतर पिल्लांमध्ये दिवसागणिक मोजून बघितलं तर मेंदूची वाढ आणि हाडांचं सरकणं यांचा मेळ बसत नाही.

जनुकांचं एकच सांगते, नाहीतर धागा लांबेल. बॅपएक्स-१ नावाचं जनुक माशाच्या जबड्याच्या सांध्याच्या जागी चालू असतं. झेब्राफिशमध्ये ते दाबलं की सांधाच होत नाही, दोन्ही हाडं एकमेकांत मिसळून जातात. उंदरात तेच जनुक कुठं चालू असतं? हातोडी आणि ऐरण यांच्या मधोमध. राइखर्टनं भिंगातून जे बघितलं ते दीडशेहून जास्त वर्षांनी असं पुन्हा दिसलं. उंदरात ते बंद केलं तर मात्र सांधा टिकतो, पडद्याची कडी तेवढी लहान होते. जुनं जनुक नव्या घरात जरा वेगळं काम करतंय.

माईआक्का, मंगळवार, रात्री ८:००

मला तुमची लॅटिन नावं कळत नाहीत पण एक विचारते. माझं कानाचं ऑपरेशन झालं, कान उत्तम आहे आता. पण त्यानंतर बरेच दिवस जिभेच्या एका बाजूला चव नव्हती. पत्रा चाटल्यासारखं लागायचं. तांबडा रस्सा सुद्धा कळेना. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की असं होऊ शकतं आणि बरं होईल, तसं झालंही. पण कानाचा आणि चवीचा काय संबंध? या धाग्यात त्याचं उत्तर असेल असं वाटतंय.

दंतकथा, मंगळवार, रात्री ८:४५

आक्का, आहे. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव आणणारी एक नस आहे, कॉर्डा टिंपनी. तिनं खरं तर जिभेवरून सरळ मेंदूकडं जावं. पण ती वर चढून मधल्या कानात शिरते, हातोडीचा दांडा आणि ऐरणीचा लांब पाय यांच्यामधून आडवी जाते, आणि मग चेहऱ्याच्या नसेला मिळते. ऑपरेशनमध्ये पडदा उचलला की ती दोऱ्यासारखी समोरच येते. तिला जरा बाजूला सारावं लागतं, थोडी ताणली जाते, म्हणून चव बिघडते.

सरड्यात हीच नस जबड्याच्या सांध्याजवळून खाली जबड्यात उतरते. तिथं ती योग्य वाटेवर आहे. आपल्यात तिच्या वाटेवरची हाडं कानाची झाली, म्हणून ती कानातून जाते असं दिसतं. ती बिचारी तिच्या जुन्याच रस्त्यानं चाललीय.

माईआक्का, मंगळवार, रात्री ९:०२

म्हणजे माझ्या जिभेनं सरड्याचं देणं फेडलं म्हणा की.

निवृत्त_मास्तर, मंगळवार, रात्री ९:३०

दंतकथाबाईंनी नसांचं काढलंच आहे तर जोड देतो. हातोडीला एक छोटा स्नायू ओढून धरतो. त्याला कुठली नस जाते? चावायच्या स्नायूंना जाते तीच, मेंदूची पाचवी. रिकिबीचा स्नायू तर शरीरातला सगळ्यात लहान, त्याला चेहऱ्याची सातवी नस. गर्भात घशाच्या दोन्ही बाजूंना कमानी असतात. पहिल्या कमानीतून जबडा, हातोडी, ऐरण, दुसरीतून रिकीब. हाडानं घर बदललं तरी नस माहेरचीच राहते. १९९३ साली उंदरात हॉक्सए-२ हे जनुक बंद करून बघितलं, तर दुसरी कमान पहिलीसारखी वागू लागली. रिकीब झालीच नाही, हातोडी आणि ऐरण मात्र दोन-दोन झाल्या, जणू आरशातल्या.

रिकिबीचा प्रवास तर याहून जुना. माशात तिचं नाव हायोमँडिब्युला, आणि ती जबडा कवटीला टांगून धरणारं दणकट हाड. सुमारे साडेछत्तीस कोटी वर्षांपूर्वीच्या अकँथोस्टेगा या सुरुवातीच्या चार पायांच्या प्राण्यात ती रिकीब म्हणण्याजोगी झाली, पण अजून जाडजूड. आज आपल्यात ती तीन मिलिमीटरभर, शरीरातलं सगळ्यात लहान हाड.

प्राणहितेकाठचा, बुधवार, सकाळी ६:५०

सिरोंचाकडून नमस्कार. आमच्या गडचिरोलीचं कुणी नाव घेत नाही म्हणून लिहितो. सिरोंचाजवळ कोटा नावाचं गाव आहे, त्याच्यावरून भूशास्त्रात कोटा प्रस्तर हे नाव पडलं. ज्युरासिक काळातला. त्याच प्रस्तरात नदीपलीकडं, आताच्या तेलंगणात, फार जुन्या सस्तन प्राण्यांचे बारीक बारीक दात सापडले आहेत. १९८१ साली नाव दिलेला कोटाथेरियम त्यातलाच. डोळ्यांना वाळूच्या कणासारखे दिसतात, माती चाळून भिंगाखाली निवडावे लागतात. आपल्याकडं मोठ्या डायनोसॉरच्या हाडांचे फोटो सगळे काढतात, या दातांकडं कुणी बघत नाही.

उसाचा_फड, बुधवार, सकाळी ८:१५

गडचिरोलीकर, लई भारी माहिती. वाचनखूण साठवली.

मला एकच सांगा. एवढा खटाटोप करून तीन हाडं मिळाली, त्याचा फायदा काय? घुबडाला एकच हाड आणि ते अंधारात उंदीर टिपतंय.

गर्भरेखा, बुधवार, दुपारी १२:३०

फडकरी, बरोबर बोट ठेवलंत. हवेतला आवाज आतल्या कानातल्या पाण्यात शिरवायचा तर दाब वाढवावा लागतो, नाहीतर बहुतेक आवाज पाण्यावरून परत फिरतो. पडद्याचं कामाचं क्षेत्रफळ साधारण ५५ चौरस मिलिमीटर, रिकिबीच्या पायाचं तीनच्या थोडं वर, म्हणजे सतरापट. त्यात हातोडी-ऐरणीच्या तरफेची थोडी भर, मिळून वीस-बावीसपट दाब. पण हे काम पक्ष्यांचं एक हाडही करतं. फरक पडतो वरच्या पट्टीत. पक्ष्यांचं ऐकणं साधारण १० ते १२ किलोहर्ट्झच्या आसपास संपतं. माणूस लहानपणी २० पर्यंत ऐकतो, उंदीर ८० च्या घरात, काही वटवाघळं १०० च्याही वर. रात्री हिंडणाऱ्या, किडे खाणाऱ्या लहानग्या पूर्वजांना किड्यांची बारीक खुसफुस ऐकू येणं हा मोठाच लाभ असणार.

तरी "चांगला कान हवा म्हणून तीन हाडं घेतली" हा उलटा विचार. ती हाडं तिथं होतीच, रिकामी होत चालली होती. आणि ही सुटका एकदाच झाली नाही. बहुतेक अभ्यासकांचं मत असं की अंडी घालणाऱ्या प्लॅटिपसच्या घराण्यात कान जबड्यापासून वेगळा सुटला आणि आपल्या घराण्यात वेगळा.

शंकासुर, बुधवार, दुपारी १:०५

दोनदा झालं म्हणजे वाट सोपी असणार. हे मला पहिल्या सगळ्यापेक्षा जास्त पटलं.

रस्सामंडळ, बुधवार, रात्री १०:४०

मास्तरांनी खाजगी निरोपात सांगितलं तसं केलं. कवटी उलटी धरली, जबड्याच्या खोबणीच्या मागं पातळ कवचाचा एक फुगवटा आहे. वरून कानाची हाडकी नळी त्याच्यात उतरते. घड्याळजीचा चिमटा आणि भावाची बारीक कानस वापरून तो उघडला. उजव्या बाजूचं सगळं शिजताना विस्कटलं होतं. डाव्या बाजूला ऐरण मिळाली, दोन पाय फाकलेल्या दाढेसारखी, तांदळाच्या कणीपेक्षा जेमतेम मोठी. हातोडीचं डोकं तिच्या खाचेत बसतं. दोन्ही तळहातावर ठेवून जुळवली तर अगदी खटक्यात बसली. रिकीब सापडली नाही. बायको म्हणाली चहाच्या गाळणीत बघ.

नवीन_सभासद_आई, गुरुवार, सकाळी ११:२०

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझ्या भाच्याचा एका बाजूचा जबडा जन्मापासून लहान आहे आणि त्याच बाजूचा कानही छोटा, नळी बंद. सात महिन्यांचा आहे. डॉक्टर ऐकण्याची तपासणी करायला सांगतात. घरचे म्हणतात कानाचं नंतर बघू, आधी जबडा. हा धागा वाचून वाटलं की दोन्हीचा संबंध असावा. असतो का?

दंतकथा, गुरुवार, दुपारी २:००

ताई, बाळाला न बघता निदान सांगणार नाही, पण संबंध असतो. जबडा, हातोडी, ऐरण एकाच कमानीतून होतात आणि बाहेरचा कान पहिल्या दोन कमानींच्या कडेतून. त्या भागाच्या वाढीत अडथळा आला तर ही सगळी एकाच बाजूला लहान किंवा जोडलेली राहू शकतात. काही मुलांत दोन्ही बाजूंना असतं, गालाची हाडंही बसकी असतात, त्यात बहुतेक वेळा एका ठरावीक जनुकातला दोष सापडतो.

ऐकणारा आतला कान मात्र या कमानींतून होतच नाही. तो डोक्याच्या बाजूच्या त्वचेच्या एका पुंजक्यातून वेगळा घडतो, त्यामुळं अशा मुलांत तो बऱ्याचदा चांगला असतो. वाट बंद, आतलं यंत्र शाबूत. म्हणून हाडातून आवाज पोचवणारं यंत्र डोक्याला पट्ट्यानं बांधून या वयातही वापरता येतं, त्याला शस्त्रक्रिया लागत नाही. त्याची गरज आहे का ते तपासणीनंतरच कळेल. बेरा नावाची तपासणी बाळ झोपलेलं असताना होते, टोचाटोची नसते. हवेतून आणि हाडातून, दोन्ही प्रकारे करून घ्या, आणि दुसऱ्या कानाचीही, तो दिसायला चांगला असला तरी. जबड्याचं काम पुढं वर्षानुवर्षं, वाढीप्रमाणं चालतं, त्याला थांबता येतं. बोलणं शिकायचं वय थांबत नाही, म्हणून कान आधी.

नवीन_सभासद_आई, गुरुवार, दुपारी २:४५

सोमवारची वेळ घेतली आहे. हवेतून आणि हाडातून, दोन्ही, असं कागदावर लिहून नेते.